सतरा नंबरचा शिक्का

सोमवार, ३ नोव्हेंबर. खाते एक. त्यात वावरणारे जीव तीन.

खाते एका ऑनलाइन खेळातले होते, आणि त्या दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी ते बंद असल्याचे तिच्या लक्षात आले. पडद्यावर किल्ल्याचा दरवाजा उघडण्याऐवजी एक राखाडी चौकट उभी होती: ‘हेतुपुरस्सर पराभवाच्या संशयावरून हे खाते तीस दिवसांसाठी स्थगित करण्यात येत आहे.’ तिने ती ओळ दोनदा वाचली. मग चहाचा कप बाजूला ठेवून, चष्मा पुसून, तिसऱ्यांदा वाचली. दोष चष्म्याचा नव्हता.

फरशीच्या कारखान्यात छाननीच्या खोलीत तिची बावीस वर्षे गेली होती, वय सत्तेचाळीस. भट्टीतून निघालेली फरशी सरकत्या पट्ट्यावरून दिव्याखाली येई. ती शेजारच्या नमुना-फरशीशी रंग ताडून बघे, छोट्या लाकडी हातोडीने कडेला टिचकी देई आणि कान लावी. मोकळा, खणखणीत आवाज आला की पहिली प्रत. दबका आला की आत कुठेतरी केसाएवढी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो. पेटी भरली की तिच्यावर आपला शिक्का उमटवायचा. तिचा शिक्का सतरा नंबरचा. गिऱ्हाइकाच्या घरी एखादी फरशी फुटकी निघाली तर पेटी नंबरावरून जिथून निघाली त्या हातापर्यंत परत येई. छाननीच्या खोलीतल्या बायका शिक्क्याला पत्ता म्हणत.

पाळी सकाळी सहा ते दोन. घरी येऊन जेवायचे, भांडी विसळायची, आणि तीन ते पाच खेळायचे. नवरा लांब पल्ल्याचा मालट्रक चालवी. महिन्यातले चार-पाच दिवस घरी असे आणि त्यांतले तीन झोपून काढी. घरात उरलेले तिघे म्हणजे ती, कॉलेजात जाणारी लेक आणि धाकटा दीर, जो लिफ्ट दुरुस्त करी. पुढच्या खोलीत चपलांच्या कपाटाशेजारी एकच संगणक होता आणि त्यावर एकच खाते, दोन वर्षांपूर्वी दिराने उघडलेले. सकाळी आठ ते दहा लेक खेळे, दुपारी ती, संध्याकाळी सात ते नऊ दीर. कुणी हे ठरवलेले नव्हते. तिघांच्या कामाच्या वेळांनीच ते ठरवून टाकले होते.

खेळ पाच विरुद्ध पाच जणांचा. पूल किंवा दरवाजा ठरावीक वेळ राखायचा, किंवा समोरच्यांकडून काढून घ्यायचा. कुणी भालाईत, कुणी तिरंदाज, कुणी वैद्य. तिने पहिल्या दिवसापासून ढालकरी घेतला होता. ढालकऱ्याला हत्यार नावापुरते. त्याचे काम पुढे उभे राहून घाव अंगावर घेणे. मेला तर वीस आकडे मोजेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा उभे राहायचे. सामना संपल्यावर जो तक्ता दिसे त्यात तिच्या नावापुढे ‘मारले’ या रकान्यात बहुधा शून्य असे, आणि ‘मेले’ या रकान्यात दोन आकडी संख्या.

दीर त्या शून्यावरून तिला चिडवी. “वहिनी, तुमच्याइतकी अहिंसा तर देवळातसुद्धा सापडायची नाही.”

पण दुपारच्या वेळेला तिला माणसे मिळाली होती. कवळ्या आणि कृत्रिम दात बनवणारी एक बाई, जिला सगळे कप्तान म्हणत. एका बेकरीतले दोघे साडू, ज्यांच्या भट्ट्या दुपारी थंड असत. आणि एक निवृत्त ग्रंथपाल, जे तिरंदाजी करत आणि प्रत्येक बाणानंतर ‘माफ करा’ म्हणत. कुणी कुणाला पाहिलेले नव्हते. ओळख कानांवर लावलेल्या हेडफोनमधून, आवाजाची. त्यांनी मिळून ‘दुपारची साखळी’ नावाच्या स्पर्धेत उतरायचे ठरवले होते. नावनोंदणीची मुदत २४ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. अट अशी की प्रत्येक खेळाडूच्या खात्यावर किमान पन्नास सामने हवेत आणि खाते ‘रुपं’ या पायरीवर हवे. खाली लोखंड आणि कांसे, वर सोने. घरातले खाते रुप्यावर होते. तीस दिवस म्हणजे ३ डिसेंबर. तिची जागा जाणार होती.

तिने कप्तानला फोन केला. कप्तानचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता, मागे कुठेतरी दात घासून गुळगुळीत करण्याचे यंत्र घरघरत होते.

“ताई, चोवीसला पाच वाजता यादी देणार. तोवर तुमची जागा तुमची. पाच वाजून एक मिनिटाने मी दुसरी ढाल घेणार. राग मानू नका.”

“राग कसला? मी तुमच्या जागी असते तरी हेच केलं असतं.”

“म्हणूनच तुम्हाला घेतलंय,” असे म्हणून कप्तानने फोन ठेवला.

संध्याकाळी दीर आला. उजव्या मनगटाला पट्टी होती. ऑक्टोबरच्या मध्यावर लिफ्टच्या खड्ड्यात हात मुरगळला होता आणि दोन आठवडे तो घरीच होता. राखाडी चौकट वाचून त्याने चपला काढायच्या आधीच निकाल दिला.

“मी सांगत होतो की नाही? तुमच्यामुळे झालं हे, वहिनी. दुपारभर नुसती ढाल धरून उभं राहायचं, एक माणूस मारायचा नाही. यंत्राला वाटणारच की ही बाई मुद्दाम हरतेय.”

“काका, मारण्यावर काही नसतं,” लेक आतून म्हणाली. “आपला संघ जिंकला की हरला, एवढंच यंत्र बघतं.”

“तू अभ्यास कर.”

“अभ्यासच करतेय. तुमचा आवाज येतोय त्यात माझी काय चूक?”

‘तुमच्यामुळे’ हा शब्द तिला जेवताना आठवला, अंथरुणात आठवला, आणि सकाळी पट्ट्यापुढे उभी असताना तर सारखा आठवत राहिला. आरोप खोटा आहे असे तिला वाटत होते. पण वाटणे आणि ठोकून पाहणे यांतला फरक तिला बावीस वर्षे पगार देत आला होता.

त्याच दिवशी पट्ट्यापुढे तिला एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या चौथ्या वर्षी शेजारच्या बाईचा शिक्का हरवला होता. नवा येईपर्यंत आठवडा लागणार होता. हिने चांगुलपणाने आपला सतरा नंबर तिला वापरू दिला. त्या आठवड्यातल्या पेट्यांत फुटका माल निघाला, आणि सतरा नंबरच्या सहाशे पेट्यांपैकी कोणत्या कुणाच्या हे दोघींपैकी एकीलाही सांगता येईना. दोघींनी मिळून सहाशेच्या सहाशे पेट्या उघडल्या. तेव्हा मुकादम एवढेच म्हणाला होता की, बाई, चांगुलपणा घरी करायचा.

घरीही त्यांनी तेच करून ठेवले होते. एक संगणक, एक खाते, वाटून घेतलेले. एकत्र नांदणाऱ्या घरात वाटून घेणे हा गुण मानला जातो, आणि तो गुणच आहे. पण वाटून घेतलेल्या नावात माणूस दिसेनासा होतो. श्रेय कुणाचे आणि दोष कुणाचा हे मग ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो.

लेक कॉलेजातून आल्यावर तिने विचारले, “हे यंत्र खेळाडूंची जोड कसं लावतं गं? नीट सांग. शाळेतल्या बाईसारखं नको, मला कळेल असं.”

लेकीने पाय वर घेतले. “प्रत्येक खात्याला एक आकडा असतो, आई. रुपं, कांसं ही वरची पाटी. आत आकडा असतो. यंत्र असा प्रतिस्पर्धी शोधतं की कोण जिंकणार हे आधी सांगताच येऊ नये. जिंकलीस की आकडा वाढतो, हरलीस की कमी होतो. तगड्या माणसाला हरवलंस तर जास्त वाढतो.”

“म्हणजे सगळं नीट जुळलं तर माणूस निम्मे जिंकणार आणि निम्मे हरणार.”

“हो. यंत्राच्या दृष्टीने निम्मं म्हणजे बरोबर जागा.”

“मग आपण किती जिंकलो?”

“निम्मे. मी बघितलंय. म्हणून तर मला कळत नाही, संशय का आला.”

“तिघांचे मिळून निम्मे,” ती म्हणाली. “एकेकाचे वेगळे काढ.”

वेगळे काढायचे कसे, हे लेकीला सुचले नाही, आईला सुचले. खेळ बंद असला तरी जुन्या सामन्यांची यादी दिसत होती: तारीख, वेळ, निकाल. आणि या घरात वेळ म्हणजेच शिक्का होता. तिने जाड वही घेतली, तीन रकाने आखले, आणि दोन दुपारी बसून दोन वर्षांचे बाराशे चौदा सामने उतरवले. रविवारचे एकशे चौऱ्याहत्तर तिने बाजूला ठेवले.

“ते का?” लेकीने विचारले. “रविवारी तर तूच जास्त बसतेस. तुझाच फायदा.”

“रविवारी कोण बसलं होतं हे मला शपथेवर सांगता येणार नाही. दबका आवाज आला की फरशी बाजूला.”

उरले एक हजार चाळीस. सकाळचे तीनशे बावीस, त्यांत एकशे नव्वद जिंकलेले. संध्याकाळचे तीनशे वीस, त्यांत एकशे सहा. दुपारचे तीनशे अठ्ठ्याण्णव, त्यांत दोनशे सत्तावीस.

तिने दुपारची बेरीज तीनदा केली. मग पेन टोपणात घालून वही मिटली. शंभरातले सत्तावन्न. दोन वर्षे ती ज्या खात्यावरचे ओझे समजली जात होती, ते खाते दुपारी तिच्या खांद्यावर चालले होते.

रात्रीच्या जेवणाआधी तिने वही दिरापुढे ठेवली, उघडून. त्याने डाव्या हाताने पाने उलटली. ऑक्टोबरशी तो थांबला. शेवटच्या दहा दिवसांत संध्याकाळचे छत्तीस सामने, त्यांत बत्तीस हार.

“हात दुखत होता,” तो म्हणाला.

“मग सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही बसू दिलं नसतं. दिवसभर घरात बसून करायचं काय होतं? डाव्या हाताने खेळत होतो.” पान उलटून तो म्हणाला, “सकाळी तुमची लेक सोन्यावाल्यांना लोळवतेय आणि संध्याकाळी तेच खातं कांस्यातल्यांकडून मार खातंय. यंत्राला वाटणारच की कुणीतरी मुद्दाम खाली येतंय, दुबळ्यांत शिरायला.”

“बिचाऱ्याला काय माहीत, आत तीन माणसं आहेत,” लेक म्हणाली.

“ते आता सांगायचं,” ती म्हणाली. “कळवायची सोय आहे ना? लिहू या.”

दीर चपापला. “अहो वहिनी, खातं वाटून वापरायला बंदी आहे. नियमात लिहिलंय. चोर स्वतः पोलीस चौकीत जाऊन अर्ज देतो का? हात दुखत होता एवढंच लिहा. खरंच आहे ते.”

“खरं आहे, पण अर्धं आहे.”

“अर्ध्यावर सुटतो माणूस.”

“सुटून पुन्हा त्याच खात्यात तिघं. पुन्हा काही झालं की पुन्हा वहिनीमुळे.”

पत्र तिने सांगितले आणि लेकीने टंकले: ‘आम्ही मुद्दाम हरलो नाही. हे खाते एका घरातली तीन माणसे वापरत होती. हा नियमभंग आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. हेतुपुरस्सर पराभवाचा आरोप मान्य नाही. सोबत वेळेनुसार वेगळे केलेले एक हजार चाळीस सामने जोडले आहेत.’ वहीच्या पानांचे फोटो काढून जोडले.

उत्तर ८ नोव्हेंबरला आले. चार ओळींचे. खाते वाटून वापरल्याबद्दल कायमचे बंद. प्रत्येक व्यक्तीला स्वतःचे नवे खाते उघडण्याची मुभा. मुद्दाम हरण्याच्या आरोपाबद्दल एक अक्षर नाही.

“घ्या,” दीर म्हणाला. “तीस दिवसांचं जन्मभराचं करून आणलंत.”

प्रामाणिकपणाची किंमत बहुधा प्रामाणिक माणूसच भरतो, आणि ती वसूल करणारी व्यवस्था पावती देत नाही. हे तिला माहीत होते. तरी रविवारी, ९ नोव्हेंबरला, तिने स्वतःचे खाते उघडले. नाव काय ठेवायचे असे लेकीने विचारल्यावर तिने क्षणाचाही विचार केला नाही. ‘सतरा’.

मुदतीला सोळा दिवस होते. कारखान्यात वार्षिक माल-मोजणीचे तीन दिवस जादा पाळी, म्हणजे तेरा. दिवसाला चार सामने. पन्नासची अट कशीबशी पुरी होणार होती. पायरीचे काय, ते कुणालाच सांगता येत नव्हते.

“एक गोष्ट आपल्या बाजूने आहे,” लेक म्हणाली. “यंत्र आकड्याबरोबर आणखी एक नोंद ठेवतं. त्या आकड्याबद्दल त्याला स्वतःला किती खात्री आहे, ती. जुन्या खात्याची खात्री पक्की, म्हणून तिथे पावलं मुंगीची. नव्याबद्दल त्याला काहीच माहीत नाही. सुरुवातीला उड्या मोठ्या.”

“वरही आणि खालीही.”

“खालीही,” लेकीने कबूल केले.

उडी खालीच गेली. पहिल्या दहा सामन्यांत ती चार जिंकली आणि लोखंडावर बसली, अगदी तळाशी. कारण तिला दिसत होते आणि त्यावर तिच्याकडे उपाय नव्हता. नव्या खात्याला नवखे सोबती मिळत. ती पुलावर ढाल रोवून उभी राही आणि मागे वळून बघे तर मागे कुणी नसे. चौघे चार दिशांना शिकारीला गेलेले असत. ज्या ढालीच्या मागे कुणी उभे राहत नाही, ती ढाल म्हणजे नुसता लोखंडाचा पत्रा.

बारा तारखेला लेकीने हळूच विषय काढला. “आई, दहा सामने मी खेळते. तुझ्या नावाने. कांस्यापर्यंत आणून देते, पुढचे तुझे तू. कुणाला कळणार आहे?”

ती कांदा चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, “सहाशे पेट्या मी एकदा उघडल्यात.”

“म्हणजे?”

“म्हणजे नको. शिक्का माझा, तर हातही माझाच.”

“आणि जागा गेली तर?”

“तर माझ्या हाताने गेली असं तरी म्हणता येईल.”

पण त्या रात्री तिने एक गोष्ट ठरवली. छाननीत ती फरशीला दोष देत नसे. आलेल्या मालातून चांगले वेचणे हेच काम होते; सगळा माल चांगला येत असता तर तिची गरजच काय होती? दुसऱ्या दिवसापासून सामना सुरू झाल्यावर पहिले एक मिनिट ती पुलाकडे गेलीच नाही. मागे उभी राहून चौघांना बघत राहिली, जणू चौघांनाही कडेला टिचकी देत होती. कोण धावत सुटतो, कोण मार बसला की पळतो, कोण एकदा चुकल्यावर तीच चूक पुन्हा करत नाही. चौघांत एक तरी खणखणीत निघे. मग ती पूल सोडून त्याच्यापुढे जाऊन उभी राही, तो जिथे जाईल तिथे. आपल्यापुढे एक भिंत चालते आहे हे त्या अनोळखी माणसाला काही क्षणांत कळे, आणि तो धीट होई. एक धीट झाला की दुसरा त्याच्याकडे सरके. बघता बघता पाच जण एकत्र उभे असत.

त्या दिवशी ती चारही सामने जिंकली. पुढल्या दिवशी तीन. यंत्राला आधी काही माहीत नव्हते, त्यामुळे ते तिच्याबद्दलचे मत भराभरा बदलत गेले. अठराला कांसे. एकविसाला कांस्याची वरची पायरी. दीर येता-जाता पडद्याकडे बघू लागला. एकदा चहाचा कप त्याने स्वतः आणून ठेवला आणि म्हणाला, “साखर कमी आहे. तुम्हाला जास्त गोड चालत नाही ना, म्हणून.” पंधरा वर्षांत त्याने केलेला तो पहिला चहा, आणि साखर त्यात अजिबात नव्हती.

चोवीस नोव्हेंबर. अठ्ठेचाळीस सामने झाले होते. रुप्याला सात गुण कमी. एकोणपन्नासाव्याला ती साडेतीनला बसली आणि हरली. चोवीस गुण गेले. चार वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर स्पष्ट दिसत होते: एकतीस गुण हवेत, आणि वेळ एका सामन्यापुरताच.

लेक कॉलेज बुडवून आणि दीर अर्धी रजा टाकून खुर्चीमागे उभे होते. “बरोबरीच्यांना हरवलंस तर चोवीस-पंचवीस मिळतील आता. यंत्राची खात्री वाढलीय, उड्या लहान झाल्यात. एकतीस येत नाहीत, आई.”

“तगडे समोर आले तर?”

“तर येतील. पण तगडे मागून मिळत नाहीत. यंत्र बरोबरीचेच आणतं.”

“बरोबरीचे नसतील तर?”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. दोन वर्षे ती दुपारी खेळत होती. दुपारची ओहोटी तिच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. साडेचारला शाळा-कॉलेजे सुटत आणि खेळात गर्दी उसळे. तेव्हा बटण दाबले की पाच सेकंदांत जोड लागे, बरोबरीची. त्याआधीची वीस मिनिटे सगळ्यांत रिकामी. माणसे कमी असली की यंत्र थोडे थांबते, मग जाळे रुंदावते. जवळचा मिळाला नाही तर लांबचा घेते. बहुतेक खेळाडू त्या वेळी वाट बघून कंटाळत आणि निघून जात.

तिने चार वाजून सहा मिनिटांनी बटण दाबले.

एक मिनिट. दोन. “रद्द करून पुन्हा दाबा,” दीर म्हणाला. “अडकलंय ते.”

“अडकलं नाही. शोधतंय.”

तीन मिनिटे. चार. पडद्यावरची रेघ गोल फिरत होती. पाचव्या मिनिटाला जोड लागली आणि समोरच्या पाच नावांच्या बाजूच्या खुणा बघून लेकीने तोंडावर हात ठेवला. तीन रुपं, दोन सोनं.

“बापरे,” दीर म्हणाला. “एवढे नको होते मागायला.”

पहिले मिनिट ती हलली नाही. भालाईत एकटाच सुटला, बाजूला. वैद्य घाबरट, बाजूला. एक तिरंदाज होता, नाव विचित्र, कपडे फुकटातले, पण प्रत्येक बाणानंतर तो मोजून दोन पावले मागे सरकत होता. न चुकता दोन. तिने त्याच्यापुढे ढाल रोवली.

समोरचे खरोखरच चांगले होते. तिला त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत तीनदा मारले. प्रत्येक वेळी ती वीस आकडे मोजून उठली आणि त्याच तिरंदाजापुढे जाऊन उभी राहिली. सहाव्या मरणानंतर परत येताना तिला दिसले की तिच्या रिकाम्या जागेवर घाबरट वैद्य येऊन उभा राहिला आहे, तिरंदाजाला झाकून. भालाईतही परतला होता. सोन्यावाले दोघे पुलावर पुढे आले. ढालीवर घाव घालण्यात त्यांचा वेळ गेला, आणि तिरंदाजाने दोन पावले मागे सरकत, एकेक करून, त्यांना पाडले. ती आणखी तीनदा मेली. नवव्यांदा खाली पडली तेव्हा पुलाचे शेवटचे सेकंद संपत होते आणि तिच्या पाठीमागचे चौघेही उभे होते.

तक्ता आला. मारले: शून्य. मेले: नऊ. निकाल: विजय. खाली गुणांचा आकडा चढत गेला आणि तेहेतिसावर थांबला. पाटी बदलली. रुपं.

मग दीर खाली वाकून तो तक्ता पुन्हा वाचू लागला, बोटाने, रकान्यारकान्याने, वहीची पाने वाचली होती तसा.

“शून्य मारले,” तो म्हणाला. “नऊदा मेलात. आणि जिंकलात तुम्ही.” तो सरळ उभा राहिला. “वहिनी, मी जे बोललो होतो ना, तुमच्यामुळे म्हणून. ते खरंच होतं. रुप्यावर होतो ते तुमच्यामुळे.”

“बसा आता,” ती म्हणाली. “चहा मी करते. तुमच्या चहाने जिंकल्याचं सुख जाईल.”

चार वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी तिने कप्तानला कळवले. पलीकडे यंत्राची घरघर थांबली. “सतरा,” कप्तान म्हणाली, “लिहिलं.” आणि मग, तिच्या स्वभावाला न शोभणाऱ्या आवाजात, “साडूंनी पैज लावली होती. धाकटा तुमच्या बाजूने होता. आता थोरला महिनाभर पहाटे उठून भट्टी पेटवणार.”

साखळीत त्यांचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथे हरला, आणि ज्यांच्याकडून हरला त्यांनी सामन्यानंतर विचारले की तुमची ढाल कोण आहे.

घरात आता तीन खाती आहेत. लेक सोन्यावर आहे. दिराने आपले खाते उघडले आणि तो थेट लोखंडाच्या तळाशी जाऊन बसला. पहिले दोन दिवस त्याने कुणाला पडदा बघू दिला नाही. मग एक अनपेक्षित गोष्ट झाली. तो निम्मे सामने जिंकू लागला. दोन वर्षे तो वहिनी आणि पुतणीने वर नेलेल्या आकड्यावर, आपल्याहून वरचढ माणसांत बसवला गेला होता आणि रोज संध्याकाळी मार खाऊन टेबलावर हात आपटत होता. आता त्याच्यासमोर त्याच्यासारखेच, दिवसभर काम करून थकलेले, चुकणारे, हसणारे लोक येतात. टेबलावरचा हात थांबला आहे. “आम्ही लोखंडवाले,” असे तो अभिमानाने म्हणतो. माणसाला वर बसवणे म्हणजे न्याय, असा आपला समज असतो. पुष्कळदा त्याला त्याच्या जागी बसवले तरी न्याय होतो, आणि त्याला हसू येते.

तिची ती वही चपलांच्या कपाटावर आहे. शेवटच्या पानावर तिने पन्नासावा सामना लिहिला आहे आणि खाली, कारखान्यातून शिक्का घरी आणायला परवानगी नसल्यामुळे, हातानेच एक चौकोन काढून त्यात सतरा लिहिले आहे.

बंद झालेले जुने खाते अजून पाहता येते. त्यावर स्थगितीचे पहिले कारण ‘हेतुपुरस्सर पराभव’ असेच आहे. ते मागे घ्यावे म्हणून तिने तीन पत्रे पाठवली, उत्तर आलेले नाही. तिने जिंकलेले दोनशे सत्तावीस सामने कुणाच्याही नावावर नाहीत.